शेंदराखालचा पंखा

"तुम्ही नेमकं करता काय?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, वास घेतो. लोकांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय. पण जुन्या कपाटाचा खण ओढून आत नाक घातल्याशिवाय मी त्या कपाटाबद्दल एक शब्द बोलत नाही. शंभर वर्षं कपडे सांभाळलेलं शिसव आणि मागच्या पावसाळ्यात चहाचं पाणी पाजून म्हातारं केलेलं शिसव यांचा वास कधीच सारखा येत नाही. डोळ्यांना फसवता येतं, नाकाला फसवणं अवघड.

हा माझा दुसरा धंदा. पहिला बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका फाउंड्रीत, पॅटर्नमेकर म्हणून. लोखंडाची एखादी वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात करावी लागते. ती वाळूत दाबायची, बाहेर काढायची, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. लाकडाच्या त्या वस्तूला पॅटर्न म्हणतात. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा. किती मोठा, हे पट्टीपेक्षा हाताला जास्त कळतं. तीस वर्षं मी लाकडाचे पंप, लाकडाची चाकं, लाकडाचे पंखे केले. त्यातलं एकही यंत्र कधी चाललं नाही, आणि त्यांच्यापासून ओतलेली सगळी चालली. रिटायर झाल्यावर ओळखीचे लोक जुन्या वस्तू दाखवायला लागले आणि बघता बघता बडोद्यात माझं नाव झालं, की मोरेकाकांना दाखवा, ते खरं सांगतात.

खरं ऐकायला मात्र कुणी येत नाही. एक गृहस्थ पेशवाईतली म्हणून खुर्ची घेऊन आले होते, तिच्या बुडाला चार स्टार स्क्रू होते. इथल्याच वासणा भागातल्या एका बाईंनी, सासूच्या पेटीची किंमत कमी सांगा, असा आदल्या दिवशी फोन केला. तासाभराने सासूबाईंचा आला, जास्त सांगा. मी पेटीचं जे होतं तेच सांगितलं आणि दोघींनी मिळून मला चहासुद्धा दिला नाही.

लेखी अहवाल देताना माझा एक नियम आहे. जे मी डोळ्यांनी पाहिलं, हातांनी तपासलं, ते सरळ लिहायचं. जे घरचे लोक सांगतात त्याच्यापुढे 'असे सांगण्यात येते' हे तीन शब्द जोडायचे. ही तलवार अमक्या लढाईत होती, असे सांगण्यात येते. या पलंगावर राजे झोपले होते, असे सांगण्यात येते. बडोद्यातल्या पलंगांवर इतके राजे झोपलेत की त्यांनी राज्य कधी केलं असेल, असा प्रश्न पडतो. हे तीन शब्द माझी ढाल होती. त्यांची धार कुणाला लागत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर किरणचा फोन आला. किरण माझ्या ओळखीतला, चाळिशीचा, मकरपुऱ्यातच एका कंपनीत सुपरवायझर.

"काका, जय श्रीकृष्ण. डभोईला आमच्या शेतावरच्या घराच्या कोठारात विमानाचा पंखा निघालाय. तुम्ही जरा बघून सांगा ने, असली आहे की अमथाच."

कोठाराचे पत्रे बदलायचे म्हणून त्याने तुरीची पोती हलवली होती. भिंतीला टेकून उभा असलेला एक लाल खांब तो लहानपणापासून बघत आला होता. पोती निघाली तेव्हा कळलं की खांब खाली अरुंद होत गेलाय आणि त्याला पीळ आहे. मग त्याने आत्याला विचारलं, आणि आत्याने पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

सुमनआत्या म्हणजे त्याच्या वडिलांची मोठी बहीण. वय ऐंशीच्या पुढे, निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही, वडिलांपाशीच राहिल्या. मी गेलो तेव्हा त्या ओटीवरच्या हिंचक्यावर, म्हणजे लाकडी फळीच्या झोपाळ्यावर, बसल्या होत्या. "या मोरे, बसा ने," म्हणून त्यांनी शेजारची जागा दाखवली. बसताना माझी नजर फळीच्या कडेला गेली आणि तिथेच थांबली. फळी कधीतरी मोडली होती आणि कुणीतरी तिला लांब तिरका सांधा देऊन नवा तुकडा जोडला होता. बोटाला काही जाणवत नव्हतं, फक्त लाकडाचा रंग बदलत होता. सांधा जिथे संपतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी एक पायरी मुद्दाम ठेवलेली होती, म्हणजे टोक पातळ होऊन उचकटू नये. एवढी मेहनत कुणी घेत नाही. मी विचारलं, "हा सांधा कुणाचा?"

"आबांचा. माझ्या वडिलांचा," आत्या म्हणाल्या, आणि मग त्यांचीच गोष्ट सुरू झाली.

आबा म्हणजे गणपतराव. घराणं बडोदा संस्थानच्या फौजेतलं, आमच्यासारखंच. महायुद्धाच्या काळात आबा वैमानिकांच्या एका प्रशिक्षण केंद्रात फिटर होते. शिकाऊ विमानांचे लाकडी पंखे बसवायचे, काढायचे, दुरुस्त करायचे. युद्ध संपलं, केंद्र बंद झालं, आणि मोडीत निघालेल्या सामानातला एक पंखा आबांनी मागून घेतला. बैलगाडीत घालून तो गावात आणला तेव्हा अख्खं गाव बघायला जमलं. एकाने बघून सांगितलं, हा तर मिलमधला पंखा. झालं. त्या दिवसापासून आबांचं नाव 'विमानवाळा' पडलं.

"बाजारात निघाले की लोक विचारायचे, ए विमानवाळा, आजे केम चालीने? आज पायी कसे? मी त्यांचं बोट धरून असायचे. आबा हसायचे. नंतर हसेनासे झाले, आणि मग सांगेनासेच झाले. घरातली तलवार अडचणीत विकली होती. तेव्हापासून खंडेनवमीला आधी आबा आणि मग मी या पंख्याचीच पूजा करत आलो."

मी "हो का" म्हटलं. ते शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या दिवशी मला संध्याकाळी दुसरीकडे एक कपाट बघायचं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. कारणं शोधायची म्हटली की सापडतात.

किरणने आणि मी पंखा अंगणात आणला. माणसापेक्षा थोडा लांब, दोन पात्यांचा. लाकडाचे थर एकावर एक चिकटवलेले, तसे आम्ही पॅटर्नलाही चिकटवायचो. मधल्या जाड गड्ड्याला आणि कोठारात वर असलेल्या पात्याला घट्ट बसलेला, रापलेला लाल रंग. आमच्या फाउंड्रीत पॅटर्नच्या ज्या भागावर पुढे मशीन फिरायचं, त्याला लाल रंग द्यायची पद्धत होती. तो लाल बघितला आणि माझं डोकं थेट फाउंड्रीत जाऊन बसलं. विमानाच्या पंख्याला मधल्या भोकाभोवती बोल्टची भोकं असतात. ती मला दिसली नाहीत. मागच्या बाजूला कुंभारीण माशीने चिखलाची घरटी केली होती, ती मी अंगठ्याने उकरायला हवी होती. नाही उकरली.

मग मी माझी आवडती परीक्षा घेतली. मधल्या भोकात पाण्याच्या मोटारीचा पाइप चिंधी गुंडाळून घट्ट बसवला आणि पाइपची दोन टोकं दोन बाकांच्या कडांवर ठेवली. विमानाचा पंखा मिनिटाला हजारो वेळा फिरतो. एक पातं दुसऱ्यापेक्षा तोळाभर जड असलं तरी इंजिन थरथरून सुटायला येतं. म्हणून तो तराजूसारखा समतोल केलेला असतो, कुठेही सोडा, तिथेच थांबतो. मी आडवा धरून सोडला. लाल पातं सरळ खाली गेलं.

"आत्या," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात जाणकाराचा जो तोरा होता तो आठवला की आजही कानशिलं गरम होतात, "हा विमानाचा नाही. हा ओतकामाचा पॅटर्न आहे. मिलमधल्या मोठ्या पंख्याचा असावा."

आत्या हिंचक्यावर बसून होत्या. हिंचका थांबला.

"आबा म्हणायचे, विमानाचा आहे. एवढं सांगा, विमानाचा असता तर तुम्हाला कसं कळलं असतं?"

मी समतोलाचं समजावून सांगितलं. त्यांनी शिक्षिकेसारखं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी, त्यांना बरं वाटावं म्हणून, देवाशप्पथ त्यांना बरं वाटावं म्हणूनच, म्हणालो, "आबांनी सांगितलंय ते मी अहवालात लिहीन. विमानाचा आहे, असे सांगण्यात येते, असं." आत्या उठून आत गेल्या. आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. गाडीत किरण म्हणाला, "काका, तुम्ही तेच बोललात जे गाव बोलायचं."

पुढे नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे तलवार नाही, माझी पटाशी आणि रंधे यांची पूजा होते. ही दरवर्षी तेलात कालवलेला शेंदूर माझ्या लाकडी हातोड्याला लावते. हातोड्यावर मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझं नाव कोरलं होतं. त्या दिवशी चष्मा लावून बघितलं तर नाव कुठेच नाही.

"अगं, माझं नाव कुठं गेलं?"

"कुठं जाणार?" ही म्हणाली. "चाळीस नवम्यांच्या खाली आहे."

मी नखाने खरवडलं. तो थर रंगासारखा कडक होता. आणि मग मला डभोईचा तो लाल आठवला. शेंदूर म्हणजे शिशाची भुकटी. तेलात कालवली की वाळून दगड होते. फाउंड्रीत लोखंडाला गंज लागू नये म्हणून मारायचा लाल रंग तरी दुसरा काय होता? आत्यांनी मला सांगितलं होतं, पूजा करतो म्हणून. आबांच्या आणि त्यांच्या मिळून सत्तरएक नवम्या. पंखा उभा, खालचं पातं पोत्यांमागे, हात पोचणार तो वरच्या पात्यापर्यंत. सत्तर वर्षांचं शिसं एका पात्यावर, आणि मी म्हणतो समतोल नाही. त्यांनी दर वर्षी वडिलांच्या नावाने लावलेल्या शेंदरानेच मी त्यांच्या वडिलांना खोटं पाडलं होतं.

रात्रभर झोप नाही. दसऱ्याला सकाळी पहिली बस धरून डभोईला पोचलो. खिशात आपट्याची पानं होती. आत्यांना सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. त्यांनी पानं घेतली आणि कोठाराकडे बोट दाखवलं. कोठाराच्या दारात पंखा आडवा पडलेला, वर ताडपत्री.

"यंदा पूजा नाही केली," आत्या म्हणाल्या. "पॅटर्नची कसली पूजा? किरणने गिऱ्हाईक बघितलंय. कॅफेवाला आहे, रविवारी नेणार. मधलं भोक मोठं करून घड्याळ बसवणार म्हणे."

मी सगळं सांगितलं. माझी चूक झाली, हे शब्द मी धंद्यात पहिल्यांदा उच्चारले. शेंदूर काढला तर नक्की कळेल, म्हणालो. आत्यांनी ताडपत्रीची कड उचलून लाल पात्यावर हात ठेवला.

"तो शेंदूर आबांच्या हातचा आहे. सगळ्यात खालचा थर. तो काढायचा, आणि खाली काही नसलं तर?"

खोटं बोलायचा मोह झाला. "तर मी पुन्हा तेच सांगेन, आत्या."

त्या हसल्या. त्या घरात मी पहिल्यांदा हसू बघितलं. "बरं. मग एक आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणू नका म्हातारीने रचलं. आबा म्हणायचे, एका पात्याचं टोक तुटलं होतं, तिथे मी ठिगळ लावलंय. बोटाला कळणार नाही, डोळ्याला कळेल. साहेबाने दुरुस्त पंखा नको म्हणून बाजूला टाकला, म्हणून तर तो आबांना मिळाला. मी ते ठिगळ कधी बघितलं नाही. मला कळायला लागलं तेव्हा वर शेंदूर होता."

हे काम घाईचं नाही. कोमट तीळतेल लावून थांबायचं, मग बांबूच्या चिपेने हळूहळू उचलायचं, लाकडाला ओरखडा न येऊ देता. शेंदूर विषारी, म्हणून हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. फोनवर बातमी ऐकून किरण बडोद्याहून आला आणि मुकाट्याने बाजूला बसून चिपा तासायला लागला. निघालेले तुकडे आत्या एका मडक्यात ठेवत होत्या. ते मडकं आता त्यांच्या देवघरात आहे. विहिरीत सोडू नका, एवढंच मी बजावलं.

दुपारी गड्ड्यावरचा थर सुटला. खाली आठ भोकं, गोल ओळीने. आणि त्यांच्या भोवती, लाकडात ठोकलेली अक्षरं आणि आकडे: नकाशाचा क्रमांक, इंजिनची जात, पंख्याचा व्यास, आणि एका फेऱ्यात तो हवेत किती पुढे सरकतो त्याचं माप. मिलच्या पंख्यावर हे शेवटचं माप कुणी लिहीत नाही. मिलचा पंखा कुठे जात नाही.

मी आत्यांकडे बघितलं. "विमानाचा आहे."

त्यांनी मान हलवली. पण त्यांची नजर पात्याच्या टोकाकडे होती. म्हणाल्या, "पुढे चला."

टोकाशी पोचायला ऊन उतरलं. शेवटचा थर मी आत्यांनाच काढायला दिला. खाली महागनीचा तांबूस रंग आला, आणि मग एका तिरक्या रेषेपाशी तो बदलला. रेषेपलीकडे साग. वीतभर ठिगळ. मी डोळे मिटून बोट फिरवलं, सांधा लागला नाही. डोळे उघडले, आणि सांध्याच्या शेवटाला ती दिसली: तांदळाच्या दाण्याएवढी पायरी.

मी उठून ओटीवर गेलो, हिंचक्याच्या फळीवर हात ठेवला, परत आलो. पुन्हा गेलो. किरणला वाटलं काकांना ऊन लागलं. सुताराचा सांधा त्याच्या अक्षरासारखा असतो, आणि ही दोन्ही अक्षरं एकाच हाताची होती. मी तीस वर्षं लाकूड जोडलं, पण उडत्या विमानाच्या पंख्याला असं ठिगळ लावायची माझी छाती झाली नसती. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पाइप पुन्हा बाकांवर ठेवला. माशीची घरटी काढली, पात्यांवरून ओलं फडकं फिरवून घेतलं. पंखा आडवा धरला आणि सोडला. किंचित डोलला आणि थांबला. दुसरीकडे वळवून सोडला, तिथेही थांबला.

आता धंद्याचं बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "आत्या, संग्राहकांकडे या पंख्याला चांगली किंमत आहे, पण दुरुस्त केलेला म्हटलं की ती निम्म्यावर येते. ठिगळ नसतं तर..."

"ठिगळ नसतं तर मला काय उपयोग होता त्याचा?" आत्या म्हणाल्या. "येऊ दे निम्म्यावर."

किरण अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलत होता. "सॉरी भाई, ए पंखो वेचवानो नथी," एवढं ऐकू आलं. विकायचा नाही. आत्यांनी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

अहवाल मी तिथेच हाताने लिहिला. लाकूड, थर, मापं, ठसे. शेवटी वस्तूचा पूर्वेतिहास: 'पंख्याच्या एका पात्याच्या टोकाची दुरुस्ती गणपतराव यांनी स्वतः केली, असे सांगण्यात येते.' हात सवयीने चालतो. आत्यांनी चष्मा लावून, वही तपासावी तसं एकेक ओळीवर बोट ठेवत वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"मोरे, हे शेवटचे तीन शब्द कशाला?"

"जे मी स्वतः तपासलं नाही त्याला..." म्हणता म्हणता मी थांबलो. मी तपासलं होतं. दोन वेळा ओटीवर जाऊन तपासलं होतं. पेन घेतलं, ते तीन शब्द खोडले आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली. आत्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. 'केली'पाशी थांबल्या, आणि पुढे काही नाही याची खात्री करून कागदाची घडी घातली.

यंदा खंडेनवमीला सकाळीच त्यांचा फोन आला. पंखा आता ओटीवर आडवा टांगलाय, मधल्या गड्ड्यावर, सहज फिरेल असा.

"मोरे, शेंदूर लावू का?"

"लावा ने, आत्या. फक्त टिळा लावा, आणि दोन्ही पात्यांना सारखा."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग टिळे लावून त्या परत आल्या.

"आबांच्या ठिगळाकडे जरासा जास्त लागलाय. पातं खाली झुकलं बघा."

"मग झुकू दे," मी म्हणालो.